नापास झालो हे घरी सांगताना

प्रगतिपुस्तकावर पालकांची सही आणायला सांगितली की वर्गातील बहुतेक मुले ती दुसऱ्या दिवशी आणतात. काही मुले चार-पाच दिवस ‘विसरतात’. एखाद्याचे प्रगतिपुस्तक पावसात भिजते, एखाद्याचे वडील नेमके त्याच आठवड्यात गावाला गेलेले असतात. आणि कधीतरी शिक्षकांच्या हाती अशी सही येते, की जी वडिलांच्या सहीसारखी दिसते, पण वडिलांची नसते. हा अनुभव न आलेला शिक्षक सापडणे कठीण.

अशा वेळी आपण मुलाला खोटेपणाबद्दल रागावतो. ते बरोबर की चूक, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. विज्ञानाच्या अंगाने पाहणाऱ्याला वेगळे प्रश्न पडायला हवेत. नापास होण्याची घटना तर घडून गेलेली आहे. ती लपवल्याने बदलणार नाही, हे मुलालाही कळते. उशिरा उघड झाले तर बोलणी जास्तच बसतील, हेही त्याला माहीत असते. मग ते दिवस का ढकलत राहते? त्या दिवसांत त्याच्या शरीरात आणि मनात काय चालू असते? आणि ज्या आकड्यापायी हे सारे घडते, तो गुणपत्रिकेवरचा आकडा मोजमाप म्हणून कितपत पक्का असतो? या तिन्ही प्रश्नांवर गेल्या शंभरेक वर्षांत बरेच काम झाले आहे. ते शिक्षकांना आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना माहीत असावे, म्हणून हा लेख.

वाघ नाही, तरी छाती धडधडते

संकट समोर दिसले की प्राण्याचे शरीर दोनपैकी एका गोष्टीची तयारी करते. झुंजायचे किंवा पळायचे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या तयारीचे वर्णन केले. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून ॲड्रिनॅलिन रक्तात येते. हृदय जलद चालते, श्वास वाढतो, हातापायांच्या स्नायूंकडे रक्त वळते आणि पोटातील पचनाचे काम मंदावते. ‘पोटात गोळा आला’ असे आपण म्हणतो, त्याच्यामागे हे सारे असते.

ही झाली पहिल्या काही सेकंदांची गोष्ट. दुसरी यंत्रणा जरा सावकाश चालते. मेंदूतील अधश्चेतकाकडून पीयूष ग्रंथीला आणि तिच्याकडून अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थराला संदेश जातो आणि कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार होते. ते रक्तातील साखर वाढवते, म्हणजे लांबलेल्या संकटासाठी इंधन पुरवते. मॉन्ट्रियल येथे काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिलेल्या एका छोट्या टिपणापासून या लांबलेल्या ताणाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. ताण थोडा वेळ राहिला तर शरीराचे बिघडत नाही. तो दिवसेंदिवस राहिला तर झोप, भूक आणि लक्ष लागणे, तिन्ही बिघडतात.

आता शास्त्रज्ञांपुढची अडचण पाहा. प्रयोगशाळेत माणसाला ताण द्यायचा कसा? वाघ तर सोडता येत नाही. जर्मनीतील ट्रियर विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ साली एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. स्वयंसेवकाला काही मिनिटे तयारी करू देतात, मग परीक्षकांसमोर पाच मिनिटे भाषण करायला लावतात. त्यानंतर पाच मिनिटे तोंडी गणित. १०२२ मधून १३ वजा करा, आलेल्या उत्तरातून पुन्हा १३ वजा करा, असे पुढे पुढे. चूक झाली की पुन्हा १०२२ पासून सुरुवात. परीक्षकांना मात्र सक्त सूचना असते की हसायचे नाही, मान डोलवायची नाही, चेहरा कोरा ठेवायचा. एवढ्याने बहुतेकांच्या लाळेतील आणि रक्तातील कॉर्टिसॉल दुप्पट ते चौपट वाढते. दहा मिनिटांचे भाषण आणि वजाबाकी, इजा होण्याची काडीमात्र भीती नाही, तरीही.

यापुढची पायरी आणखी बोलकी आहे. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या दोन संशोधकांनी २००४ साली प्रयोगशाळेतील ताणाचे २०८ अभ्यास एकत्र करून पाहिले. कोणत्या प्रकारच्या कामात कॉर्टिसॉल सर्वांत जास्त वाढते? ज्या कामात दोन गोष्टी एकत्र येतात, त्यात. पहिली, आपली पारख दुसरे कोणीतरी करत आहे आणि आपण त्यांच्या नजरेतून उतरू अशी शक्यता आहे. दुसरी, काहीही केले तरी निकाल आपल्या हातात नाही.

या दोन गोष्टी समोर ठेवून संध्याकाळी घराच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलाकडे पाहा. ज्यांच्या नजरेत चांगले राहावे असे त्याला सर्वांत जास्त वाटते, तीच माणसे आज परीक्षक आहेत. आणि गुण तर आता बदलणार नाहीत. म्हणजे ताण वाढवण्यासाठी लागणारे दोन्ही घटक पुरेपूर हजर आहेत. मुलाची घाबरगुंडी उडते ती ते भित्रे आहे म्हणून नव्हे. कोणाही निरोगी माणसाच्या शरीराने हेच केले असते.

वाट पाहणे अधिक जड

मूल सांगायचे पुढे ढकलते, कारण आजची संध्याकाळ तरी सुटते. पण या सुटकेची किंमत काय? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ स्वयंसेवकांनी संगणकाच्या पडद्यावर दगड पाहायचे आणि या दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचे. साप निघाला की हाताला विजेचा हलका पण दुखणारा झटका. साप असण्याची शक्यता मधूनमधून बदलत ठेवली होती. स्वयंसेवकांच्या हाताचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजला आणि ताण किती वाटतो तेही त्यांना विचारले.

झटका नक्की बसणार असे ठाऊक असताना ताण सर्वांत जास्त असेल, असा आपला अंदाज असतो. आढळले वेगळेच. झटका बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना ताण सर्वांत जास्त होता. ‘बसणारच’ हे ठाऊक असताना तो कमी होता.

हा निष्कर्ष घरच्या प्रसंगाला तंतोतंत लागू होतो, असा दावा मी करणार नाही. विजेचा झटका वेगळा आणि बाबांचा आवाज वेगळा. पण दिशा समजण्याइतका तो पुरेसा आहे. ‘आज कळेल का? शेजारच्या काकू बोलून जातील का? सर बाबांना बाजारात भेटले तर?’ ही निम्मी-निम्मी अवस्था मूल दिवसभर वागवत असते. एकदा सांगून टाकले की जे व्हायचे ते होते आणि संपते.

गुपिताचे ओझे नेमके कशाचे असते, यावरही काम झाले आहे. कोलंबिया विद्यापीठातील मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की, लोकांसमोर एखादी गोष्ट प्रत्यक्ष लपवण्याचे प्रसंग तसे थोडे येतात. एकटे असताना त्या गुपिताकडे मन वारंवार वळते, ते प्रसंग कितीतरी अधिक. आणि मनस्वास्थ्य बिघडण्याशी संबंध दिसतो तो या वारंवार वळण्याचा. नापास झालेले मूल नंतरचे काही दिवस पुस्तक उघडून बसते आणि एकच पान वाचत राहते, त्याचे कारण येथे सापडेल. म्हणजे ज्या विषयात ते मागे पडले, त्याच विषयाच्या अभ्यासाचा वेळ गुपित खाऊन टाकते.

मूल लपवायला कोठे शिकते?

येथे मोठ्यांनी स्वतःकडे पाहण्यासारखे तीन अभ्यास सांगतो.

पहिला अभ्यास व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांचा, २०११ सालचा. पश्चिम आफ्रिकेतील एका देशात त्यांना दोन खासगी शाळा सापडल्या. एका शाळेत चुकीला छडी, चापट, चिमटा अशी शिक्षा होती. दुसऱ्या शाळेत रागावणे, बाजूला बसवणे एवढेच. दोन्ही शाळांतील मिळून तीन-चार वर्षांची ८४ मुले घेतली. मुलाच्या पाठीमागे एक खेळणे ठेवायचे, ‘वळून पाहू नकोस’ असे सांगून मोठ्या माणसाने खोलीबाहेर जायचे. बहुतेक मुलांनी वळून पाहिलेच. वयच ते! पण ‘पाहिलेस का?’ या प्रश्नावर फरक पडला. मारकुट्या शाळेतील मुले बऱ्याच अधिक प्रमाणात खोटे बोलली. इतकेच नव्हे, तर खोटे निभावून नेण्यातही ती अधिक तरबेज होती. मोठ्यांनी मार दिला सत्यासाठी, आणि मुलांनी त्यातून कसब मिळवले ते लपवण्याचे.

दुसरा अभ्यास क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचा, १९९८ सालचा. पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी सोडवायला दिली आणि सर्वांना ‘छान जमले’ असे सांगितले. त्यात एका गटाला ‘तू हुशार आहेस’ म्हटले, दुसऱ्या गटाला ‘तू मेहनत घेतलीस’ म्हटले, तिसऱ्याला जादा काहीच नाही. पुढची कोडी मुद्दाम अवघड दिली आणि त्यात सर्वांना कमी गुण पडले. शेवटी, दुसऱ्या शाळेतील एका अनोळखी मुलासाठी या कोड्यांविषयी चार ओळी लिहायच्या होत्या आणि स्वतःचे गुणही नोंदवायचे होते. ‘हुशार’ म्हटलेल्या मुलांपैकी ३८ टक्के मुलांनी आपले गुण वाढवून लिहिले. ‘मेहनत घेतलीस’ म्हटलेल्यांपैकी १३ टक्के मुलांनी. गुण कोणाला सांगायचे होते? ज्याची कधी भेटही होणार नाही अशा मुलाला! अशा स्तुतीने पुढे परीक्षेतील गुण किती वाढतात, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि नंतरच्या मोठ्या पाहण्यांत हा परिणाम लहान आढळला आहे. पण आपल्यापुरता मुद्दा वेगळा आहे. ‘आमचा बंड्या पहिल्यापासून हुशार’ असे चारचौघांत सांगितले जाते, तेव्हा बंड्यासाठी कमी गुण म्हणजे ते बिरुद गमावणे ठरते. त्यामुळे सांगणे त्याला अधिकच जड जाते. एरवी पहिल्या दहांत येणारी मुले पहिल्यांदा नापास झाली की सर्वांत जास्त का हादरतात, तेही यावरून समजते.

तिसरा अभ्यास स्वीडनचा, २००० सालचा. हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी चौदा वर्षांची ७०३ मुले आणि त्यांचे पालक यांची पाहणी केली. मूल कोठे जाते, काय करते याची माहिती पालकांना कशी मिळते? पाळत ठेवून आणि खोदून विचारून, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात मुख्य वाट होती मुलाने आपणहून सांगण्याची. म्हणजे घरी जे कळते ते बहुतांशी मूल सांगते म्हणून कळते. ती वाट एकदा बुजली की पहारा कितीही वाढवून भरपाई होत नाही.

पस्तीसचा आकडा किती पक्का?

आता ज्या आकड्याने ही वादळे उठतात, त्याच्याकडे वळू. प्रयोगशाळेत कोणतेही माप लिहिताना आम्ही त्यापुढे चुकीची मर्यादा लिहितो. लांबी १२.४ सेंमी, अधिक-उणे ०.१ सेंमी. गुणपत्रिकेवर मात्र ३३ म्हणजे ३३. अधिक-उणे काही नाही.

अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१३ साली भूमितीची एकच उत्तरपत्रिका छापून अनेक शाळांतील गणिताच्या शिक्षकांकडे तपासायला पाठवली. ११६ शिक्षकांनी तपासलेली उत्तरे हाती आली. दोन शिक्षकांनी तिला ९० च्या वर गुण दिले होते, तर एकाने ३० च्याही खाली. ४७ शिक्षकांच्या मते विद्यार्थी पास होता आणि ६९ शिक्षकांच्या मते नापास. भाषेचा निबंध असता तर नवल वाटले नसते, पण हा भूमितीचा पेपर होता. कोणी मांडणीचे गुण कापले, कोणी आकृतीचे, कोणी फक्त शेवटचे उत्तर पाहिले. आज नमुना उत्तरे आणि नियामक असतात, त्यामुळे फरक पुष्कळ कमी होतो. शून्य होत नाही. शिवाय तपासणीखेरीज इतर गोष्टी असतातच. कोणते प्रश्न आले, त्या दिवशी ताप होता का, शेवटची दहा मिनिटे कशी गेली.

याचा परिणाम समजण्यासाठी वर्गात करण्याजोगा एक खेळ सुचवतो. साहित्य म्हणजे दोन फासे, वही आणि पेन्सिल.

समजा, एका विद्यार्थ्याची खरी तयारी प्रत्येक विषयात ४० गुणांची आहे. परीक्षेतील नशिबाचा भाग आपण फाशांनी ठरवू. दोन्ही फासे टाका, बेरीज करा, त्यातून ७ वजा करा आणि येणाऱ्या संख्येची दुप्पट करा. ही झाली त्या पेपरातील ‘चूक’. ती उणे १० ते अधिक १० यांच्या दरम्यान येईल. ती ४० मध्ये मिळवा. असे सहा विषयांसाठी सहा वेळा करा. ३५ हून कमी आले की त्या विषयात नापास.

आता गणित पाहा. नापास होण्यासाठी फाशांची बेरीज २, ३ किंवा ४ यायला हवी. छत्तीसपैकी सहा प्रकारांनी तसे होते, म्हणजे शक्यता एक षष्ठांश. एका विषयात पास होण्याची शक्यता पाच षष्ठांश. सहाही विषयांत पास होण्याची शक्यता पाच षष्ठांशाचा सहावा घात, म्हणजे सुमारे ०.३३. याचा अर्थ, खरी तयारी सगळीकडे ४० असूनही, तीनपैकी दोघे विद्यार्थी निदान एका विषयात नापास! ४८ मुलांच्या वर्गाने हा खेळ केला तर ३२ च्या आसपास मुलांच्या वहीत कोठेतरी लाल रेघ उमटेल. मंडळाचे सवलतीचे गुण वगैरे गोष्टी यात धरलेल्या नाहीत आणि फाशांची चूक ही मी मानलेली चूक आहे, प्रत्यक्ष परीक्षेची मोजलेली नव्हे. पण सीमेजवळचे मोजमाप किती डळमळीत असते, ते मुलांना दहा मिनिटांत कळते.

खेळाची दुसरी बाजूही अवश्य करून घ्यावी. खरी तयारी ३० धरा. आता पास होण्याची शक्यता एक षष्ठांश येते, म्हणजे काही पास मुले नुसती फाशांच्या कृपेने पास आहेत. आणि खरी तयारी १५ धरली तर? फासे कितीही मेहेरबान झाले तरी २५ च्या वर जाता येत नाही. तेव्हा ३३ गुणांचे नापास आणि १२ गुणांचे नापास यांचा अर्थ एक नाही. ३३ ला ‘थोडी तयारी वाढवायला हवी’ एवढाच अर्थ आहे. १२ मात्र सांगतात की पाया कच्चा आहे, किंवा मूल आजारी आहे, त्याला फळ्यावरचे दिसत नाही, घरी काही बिघडले आहे. दोन्हींत ‘तू कसा आहेस’ याचे मोजमाप झालेले नसते. झाले असते तर एका पेपराच्या बदलाने ते बदलले नसते.

सांगायचे कसे?

हे पुढचे विद्यार्थ्यांसाठी. वर जे पाहिले त्यावरून काही व्यवहारी गोष्टी निघतात.

लवकर सांगा, शक्यतो त्याच दिवशी. वाट पाहण्याचा ताण प्रत्यक्ष बोलणी खाण्याहून जड असतो, हे आपण पाहिले. शिवाय बातमी दुसऱ्याकडून कळली तर घरच्यांना दोन धक्के बसतात, एक गुणांचा आणि एक लपवल्याचा. दुसऱ्याचे दुखणे जास्त असते.

वेळ पाहून सांगा. कामावरून आल्या आल्या किंवा पाहुण्यांसमोर नको. जेवणे झाल्यावर, घर जरा शांत असताना बरे. दोघांना एकदम सांगणे अवघड वाटत असेल तर आधी आईला, आजीला, ताईला, मामाला, ज्या कोणाशी बोलता येते त्यांना सांगावे आणि दुसऱ्यांना सांगताना शेजारी बसायला सांगावे. परीक्षकांच्या रांगेत एक ओळखीचा चेहरा असला की ताण हलका होतो.

पहिल्याच वाक्यात मुख्य गोष्ट सांगा. ‘पेपर फार कठीण होता, सगळ्यांनाच कमी पडलेत’ अशी लांबण लावली की ऐकणाऱ्याची धाकधूक वाढते. साधे बोलावे. ‘बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. मी गणितात नापास झालो. तेहतीस मिळाले. बीजगणितात गेले जास्त. मी सरांशी बोललो, त्यांनी पेपर दाखवलाय. तुम्ही रागावाल म्हणून भीती वाटत होती, पण तुम्हाला माझ्याकडूनच कळावं असं वाटलं.’ यात चार गोष्टी आल्या. काय झाले, कोठे झाले, पुढे काय सुरू केले आणि मनात काय आहे. बोलणे जमतच नसेल तर याच चार गोष्टी कागदावर लिहून तो कागद द्यावा. चिठ्ठी लिहिणे कमीपणाचे नाही.

बाबा रागावतील, कदाचित बराच वेळ. कॅनन यांचा नियम त्यांनाही लागू आहे. त्यांचेही हृदय धडधडते आणि फीचे, शेजाऱ्यांचे, तुमच्या पुढच्या आयुष्याचे सगळे विचार त्यांच्या डोक्यात एकदम येतात. पहिल्या पाच मिनिटांत जे बोलले जाते, तो त्यांचा शेवटचा निर्णय नसतो. त्या वेळी वाद न घालता ‘उद्या सकाळी बोलू या का?’ एवढे म्हणावे.

आणि पुढे काय करायचे? उत्तरपत्रिका समोर घेऊन गेलेल्या गुणांची तीन भागांत विभागणी करा. येत होते पण चुकले, अर्धवट येत होते, मुळीच येत नव्हते. मग धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, उतारा चार वेळा वाचलेल्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर ४० टक्के भाग आठवला. एकदा वाचून तीन वेळा आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के आठवला.

वाट बंद झालेली नसते

घरी घबराट उडते, त्याचे एक कारण ‘वर्ष गेले, सगळे संपले’ ही समजूत. नियम माहीत असले तर ती कमी होते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हा आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही अशी तरतूद होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३-२४ पासून ती अमलात आणली. मात्र त्यातही नापास मुलाला आधी जादा मार्गदर्शन आणि पुन्हा परीक्षेची संधी द्यावीच लागते. दहावीची फेरपरीक्षा पूर्वी ऑक्टोबरमध्ये असे. २०१५ पासून ती निकालानंतर थोड्याच आठवड्यांत होऊ लागली. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश घेता येतो. गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठी मंडळाकडे अर्ज करता येतो. हे सारे एका कागदावर लिहून निकालाच्या दिवशी मुलाच्या हाती दिले, तर घरी जाताना त्याच्याजवळ गुणांबरोबर पुढची वाटही असेल.

शिक्षकांच्या हातातील गोष्टी

ट्रियरच्या परीक्षकांना चेहरा कोरा ठेवायला सांगितले होते. आपल्याला तशी सक्ती नाही. वर्गासमोर नापास मुलांची नावे आणि गुण वाचून दाखवू नयेत. पेपर देण्याआधी त्या मुलाला बाजूला घेऊन दोन मिनिटे बोलावे. ‘घरी कोणाला आधी सांगशील?’ एवढा एक प्रश्न विचारावा. उत्तर सहज आले तर ठीक. मूल गप्प झाले, किंवा ‘घरी सांगितले तर मारतील’ म्हणाले, तर त्याला एकटे पाठवू नये. पालकांना शाळेत बोलावून बाईंनी किंवा सरांनी स्वतः शेजारी बसावे आणि बोलण्याची सुरुवात मुलाला जे येते तेथून करावी. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत बंदी आहे. घरचा मार थांबवण्यासाठी कायद्यापेक्षा शिक्षकाचा शब्द पुष्कळदा जास्त उपयोगी पडतो.

पालकांच्या सभेत निकालाच्या आधी, म्हणजे कोणाचेच नाव समोर नसताना, फाशांचा खेळ करून दाखवावा. आणि एक विनंती करावी. मुलाने वाईट बातमी आणली तर पहिले वाक्य ‘सांगितलेस हे बरे केलेस’ असे असू द्या. गुणांविषयी बोलायला रात्र आणि उद्याचा दिवस आहे. पण पुढच्या वेळी मूल सांगेल की लपवेल, ते या पहिल्या वाक्यावर ठरते.

शेवटची गोष्ट टाळून चालणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. अशा घटनेमागे सहसा एकच कारण नसते. पण परीक्षेतील अपयश हे अहवालात दरवर्षी वेगळे नोंदवावे लागणारे कारण आहे. ‘मी नसलो तर बरे होईल’ अशा अर्थाचे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, एकाएकी अबोल होणे, रात्ररात्र न झोपणे, यांतले काही दिसले तर थांबू नये. मुलाला थेट आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने विचार डोक्यात येतो ही समजूत चुकीची आहे. त्याला एकटे सोडू नये आणि घरच्यांना लगेच कळवावे. टेली-मानसचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही क्रमांक विनामूल्य आहेत आणि रात्रंदिवस चालतात. हे दोन क्रमांक वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहून ठेवावेत, फक्त निकालाच्या दिवशी नव्हे. तसे केले म्हणजे ज्याला गरज आहे त्याला ते कोणाला विचारावे लागत नाहीत.